क्लचवाल्या बाई आणि बिनक्लचची गाडी

बारामतीत मला आडनावानं हाक मारणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकी सगळ्यांना मी 'क्लचवाल्या बाई'. मंडईत गेले तरी भाजीवाली वजन करता करता विचारते, "बाई, आज कुणी क्लच जाळला?" दोष माझ्या घशाचा आहे. अर्धं आयुष्य मोटार शिकवण्यात गेलं, आणि एवढ्या काळात माझ्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा बाहेर पडलेला शब्द देवाचा नाही की नवऱ्याच्या नावाचा नाही, क्लच हाच आहे. "क्लच दाब. आता सोड. हळू सोड. अगं हळू! पाय भाजला का?" भिगवण रोडच्या दुकानदारांना हे सगळं पाठ आहे.

ड्रायव्हिंग स्कूल मुळात माझ्या यजमानांचं. त्यांच्याकडे बायका शिकायला यायच्या, पण बाईबरोबर सासरा यायचा, दीर यायचा, कधी कधी आत्याबाई डबा घेऊन यायच्या. मागच्या सीटवर दाटीवाटीनं बसून सगळे एकदम शिकवायचे. शेवटी यजमान कंटाळून मला म्हणाले, "तूच शीक आणि तूच शिकव." मी शिकले. एकदा भिगवणच्या वाटेवर मी चालवत होते आणि हे शेजारी बसून चक्क घोरायला लागले. मी घाबरून हलवलं तर डोळे चोळत म्हणाले, "झालं तुझं शिक्षण. ड्रायव्हर माणूस दुसऱ्याच्या गाडीत झोपत नसतो. त्याचा डोळा लागला, की समजायचं चालवणारा पास."

आरटीओची परीक्षा वेगळी आणि ही वेगळी. यजमान आता नाहीत, पण कुणी लायसन घेऊन पेढे द्यायला आलं की मला ती भिगवणची वाट आठवते. माझ्या हाताखालून इतकी माणसं गेली, त्यांच्यापैकी एकाच्याही गाडीत माझा डोळा लागलेला नाही. शिकवणाऱ्याचा पाय सदा त्याच्या बाजूच्या ब्रेकवर असतो. घरी सोफ्यावर बसून टीव्हीवर गाड्या पाहतानाही माझा पाय फरशी दाबतो, सून हसते.

ज्यांनी कधी गाडी हातात घेतली नाही त्यांच्यासाठी सांगते. इंजिन सतत फिरत असतं आणि चाक थांबलेलं असतं. या दोघांची गाठ घालून देणारा मध्यस्थ म्हणजे क्लच. डावा पाय हळूहळू वर आला, की दोघांची ओळख होते, जुळतं आणि गाडी चालायला लागते. पाय झटकन सुटला, की पाहण्याच्या कार्यक्रमातच भांडण. गाडी आचका देते, बंद पडते आणि मागचे हॉर्न मारतात. माणूस गाडी शिकतो म्हणजे निम्म्याहून अधिक हेच शिकतो. बाकी स्टेअरिंग काय, कुणीही फिरवतं.

याची माझी स्वतःची परीक्षा कालव्याच्या पुलाच्या चढावर. ऐन चढाच्या मध्यात गाडी उभी करायला लावते. खाली उतरून मागच्या चाकाला जवळजवळ टेकवून माझी पाण्याची बाटली ठेवते आणि म्हणते, चल, वर घे. गाडी मागे न सरकता निघाली, तर बाटली उभी. सरकली, तर बाटलीचा पापड. साखर कारखान्याचा हंगाम असला की मागून उसाच्या बैलगाड्या येतात, गाडीवान आरोळ्या देतात, आणि शिकाऊ माणसाच्या तळहाताला पाणी सुटतं. या चढानं भले भले रडवले आहेत. सणसरच्या बाजूचे एक बागायतदार होते, ट्रॅक्टरवर आयुष्य गेलेलं. मोटारीत बसले तरी दर थोड्या वेळानं मान वळवून मागे बघायचे. मी विचारलं, "काय बघताय?" तर म्हणाले, "ट्रॉली येतीया का बघतुया." त्यांनी कालव्यावर माझ्या इतक्या बाटल्या चेचल्या, की शेवटी एक दिवस अख्खं खोकं आणून माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "आता शिकवा बिनघोर."

सांगायचा मुद्दा, माझं पोट क्लचवर चाललं. त्यामुळे विजेच्या गाड्या रस्त्यावर दिसायला लागल्या तेव्हा मी नाक मुरडलं. क्लच नाही, गिअर नाही, आवाज नाही. जत्रेत चावी देऊन सोडायची मोटार असते तशी वाटायची. आमच्या धंद्यातल्या सगळ्यांचंच ते मत होतं. जोर नसणार, वाटेत बसणार, आणि आपल्याला परवडणार नाही. या तिन्ही गोष्टी मी छातीठोकपणे लोकांना सांगत असे. मग उज्ज्वला आली.

उज्ज्वला कांबळे कन्हेरीची. फिजिओथेरपिस्ट. अर्धांगवायूचा झटका आलेली, खुब्याचं हाड मोडलेली माणसं खाटेला खिळतात, त्यांच्या घरी जाऊन त्यांचे हातपाय पुन्हा कामाला लावायचे हा तिचा व्यवसाय. तिचे पेशंट सगळे वाड्यावस्त्यांवर, जिथं एसटी जात नाही तिथं. आणि हिचा स्वतःचा डावा पाय लहानपणी पोलिओत गेलेला. पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर लावून चालते. पेशंटनं कुरकुर केली, की कॅलिपरवर टकटक करून म्हणते, "मला सांगताय?"

कॉलेज संपल्यावर ती माझ्याकडे गाडी शिकायला आली होती. दोन्ही हातांनी डावा पाय उचलून क्लचवर ठेवायची. दाबला जायचा. पण हळू सोडणं त्या पायाला येईना. कालव्याच्या चढावर ती महिनाभर झुंजली. शेवटी गाडी कडेला घेऊन म्हणाली, "बाई, तुमचा पाय मला उसना द्या." आम्ही दोघी खूप हसलो. घरी येऊन मी रडले. पुढे गिअर आपोआप पडणाऱ्या पेट्रोल गाड्या आल्या, पण तिची रोजची रपेट मोठी. दिवसभर वस्त्या फिरून मिळालेलं सगळं पेट्रोलच प्यायलं असतं.

तेव्हापासून तिला पेशंटच्या दारी न्यायचे ते तिचे वडील, आनंदराव, सगळ्यांचे अण्णा. दुधाच्या टँकरवर चालक होते. लेकीला त्यांनी सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेलं, स्कूटरवर कॉलेजात नेलं, आणि निवृत्त झाल्यावर एक जुनी डिझेल जीप घेतली ती हिच्यासाठीच. टँकरमधलं दूध हिंदकळू न देता चालवायची सवय, त्यामुळे अण्णांची गाडी पाण्यासारखी जायची. मी माझ्या पोरांना सांगायची, चालवायचं कसं ते कन्हेरीच्या अण्णांकडे बघा.

तर उज्ज्वला आली आणि दार लावून घेऊन म्हणाली, "बाई, अण्णांना बाजूचं दिसत नाही."

काचबिंदू. समोरचं लख्ख, कडेचं गेलेलं. एका वस्तीवर वळताना वाटेच्या कडेला बसलेली शेळी त्यांना दिसलीच नव्हती. शेळी उठून पळाली म्हणून वाचली. "शेळीच्या जागी पोर असतं तर?" ती म्हणाली. "पण ऐकत नाहीत. म्हणतात, रस्ता माझ्या पाठ हाय. पुण्यात मला क्लिनिकमध्ये नोकरी मिळते. ती घेतली की अण्णांची गाडी आपोआप सुटेल. पण माझ्या खाटेवरच्या माणसांनी पुण्याला कसं यायचं?"

मग हळूच म्हणाली, "पुण्यात एक विजेची गाडी बघितलीय. वापरलेली. तिला डावा पाय लागतच नाही. तुम्ही बघून द्या."

आपल्याकडे जुनी गाडी घ्यायची तर जाणकाराला बरोबर न्यायची रीत आहे. त्यानं बॉनेट उघडायचं, इंजिनाला कान लावायचा, ऑइलचा थेंब बोटांत चोळायचा, तोंड वाकडं करायचं. मीही त्याच थाटात गेले. बॉनेट उघडलं आणि थिजले. कान लावायला काही नाही, चोळायला काही नाही. झाकलेला एक डबा आणि केशरी रंगाच्या जाड वायरी. तरी तोंड मी सवयीनं वाकडं केलं. बॅटरी कंपनीच्या सेंटरवर तपासून घेतली, ती ठणठणीत निघाली. मग चालवायला बसले. उजवा पाय नेहमीसारखा दाबला मात्र, गाडी अशी सुटली की मान मागे आपटली आणि माझा अंबाडा सुटला. उज्ज्वला मागे बसून हसत होती. डिझेल गाडी आधी गुरगुरते, मग विचार करते, मग निघते. ही सांगायच्या आत गेलेली असते. जोर नसतो म्हणून मी लोकांना जे सांगत होते, ते त्या दिवशी पुण्याच्या रस्त्यावर केस बांधता बांधता गिळलं.

डॉक्टरांचा दाखला, आरटीओचे सोपस्कार सगळं रीतसर झालं. कन्हेरीत विहारासमोरच्या पटांगणात ती चालवायला शिकली, आणि मग मी तिला कालव्यावर नेलं. चढाच्या मध्यात थांबवलं. चाकामागे बाटली ठेवली. ती म्हणाली, "बाई, यात तसलं काही नसतं, ही मागं सरकतच नाही." मी म्हटलं, "तू निघ." ती निघाली. बाटली जिथल्या तिथं. ती पुलावर गाडी थांबवून उतरली, कॅलिपर टेकत टेकत खाली आली, बाटली उचलली आणि सगळं पाणी गटागटा प्यायली. तिथंच उभं राहून माझे डोळे भरले. ज्या कौशल्यावर मी जन्म काढला ते या गाडीनं खुंटीला टांगलं होतं, आणि मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही थोडं, पण ते घरी आल्यावर.

परवडण्याचं म्हणाल, तर माझं मत आता असं झालंय. जो गाडी झाकून ठेवतो आणि लग्नाकार्याला बाहेर काढतो, त्यानं हिच्या नादी लागू नये. विकत घेताना ती महागच पडते. जिला रोज सकाळी निघायचंय आणि दिवेलागणीला घरी यायचंय, घराच्या छपरावर सौर पॅनेल आहे आणि दाराशी गाडी लावायला जागा आहे, तिला ही घरच्या गाईसारखी पोसते. उज्ज्वलाकडे हे सगळं होतं. नव्हती फक्त अण्णांची परवानगी.

अण्णा गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "दिसाय बरी हाय. पन बाई, वस्तीवर बसली तर? जीप बसली तर मी धक्का मारून चालू करतो. हिला काय करायचं, आरती वोवाळायची?" मग बरंच घासाघीस करून अट घातली. एक मोठी फेरी. बारामतीहून इंदापूर, पुढं नरसिंहपूर, परत येताना हायवेनं डाळज आणि भिगवणवरून घरी. उज्ज्वलाचे लांबचे सगळे पेशंट या एका फेरीत येत होते. "घरी आली तिच्या पायावर, तर जीप इकून टाकीन. आन टोचन लावून वढत आनायची येळ आली, तर मग मी हाय आन माजी जीप हाय. पुन्हा डोळ्याचं नाव काडायचं न्हाय."

म्हणजे त्या दिवशी गाडी वाटेत बसती, तर अण्णा पुन्हा स्टेअरिंगवर बसणार होते. उज्ज्वलाला ते माहीत होतं आणि मलाही. तिनं मला सोबत बोलावलं. अण्णा पुढं तिच्या शेजारी, मी मागं.

उन्हाळ्याचे दिवस. नरसिंहपूरपर्यंत कसं झकास गेलं. संगमाजवळच्या एका घरी खुबा मोडलेल्या आजी होत्या, त्यांना उज्ज्वलानं चार पावलं चालवलं. आजींच्या सुनेनं गाडीला हळदीकुंकू लावलं आणि विचारलं, "आवाज का न्हाय हो हिला? बिघडलीया का?" परतीला लागलो आणि उज्ज्वला एकदम गप्प झाली. मी पुढं वाकून पाहिलं. चार्जचा आकडा आम्ही धरून चाललो होतो त्यापेक्षा बराच खाली होता.

ऊन होतं, एसी होता, हायवेला वेग होता, हे सगळं मी धरलं होतं. तरी हिशेब बसेना. मग भीमेच्या बाजूला एक उतार आला आणि मला अण्णांची कुजबुज ऐकू आली. "सोड. न्यूट्रलला सोड." आणि आज्ञाधारक लेकीनं गाडी न्यूट्रलला टाकली; गिअर नसले तरी तेवढं हिला असतं.

आपल्याकडचा प्रत्येक जुना ड्रायव्हर हे करतो. उतार दिसला की गिअर काढायचा आणि गाडी नुसती घरंगळू द्यायची, तेवढंच डिझेल वाचतं ही समजूत. टँकरवर अण्णांनी जन्मभर तेच केलं. पण विजेच्या गाडीत उतारावर पाय उचलला, की चाकंच उलट मोटार फिरवून बॅटरीत थोडी वीज भरतात. न्यूट्रलला टाकली की ते बंद. घरंगळत जायचं, आणि पुढं गावाचा गतिरोधक आला की करकचून ब्रेक दाबून मिळालेला सगळा वेग वाया घालवायचा. सकाळपासून प्रत्येक उताराला हेच चाललं होतं. मला कळलं कसं नाही? डिझेल गाडीत मागं डोळे मिटून बसले तरी न्यूट्रल झालेलं मला आवाजावरून कळतं. या गाडीनं माझा कानच काढून घेतला होता.

"अण्णा, तुम्ही वाचवताय म्हणून सांडतंय," मी म्हटलं आणि समजावून सांगितलं. अण्णांनी लेकीला गाडी न्यूट्रलमधून काढायला लावली. मग म्हणाले, "म्हंजी उतारानं ही दूध देती व्हय? मग आदी सांगाचं न्हाय का!" त्या क्षणी पैज जिंकत आल्याचा आनंद त्यांना व्हायला हवा होता, पण चेहरा पडला होता. लेकीला आपणच गोत्यात आणलं एवढंच त्यांना दिसत होतं.

हायवेवरच्या एका हॉटेलाशी चार्जिंगची सोय होती. गेलो तर तिथली लाईटच गेलेली, आणि आमच्या आधी एक गाडी वाट बघत उभी. एवढ्या लांबच्या वाटेवर एक चार्जर, तोही असा, तिथं मात्र माझं कौतुक थांबतं. पेट्रोल पंपाला कुणी असं म्हणत नाही, की लाईट आली की या. एसी बंद करून, काचा खाली घेऊन, उज्ज्वलानं गाडी हळू हळू डाळजपर्यंत आणली. पडद्यावर लाल खूण लागली होती. डाळजला तिचे पेशंट होते, तात्या.

तात्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू लुळी, जीभ जड. उज्ज्वलाच्या मेहनतीनं हातापायांत थोडी ताकद आली होती, वॉकर धरून ते उभे राहू शकत होते. पण राहत नव्हते. खाटेवरून उतरायलाच तयार नव्हते. एके काळी अख्ख्या शिवाराच्या मोटारी आणि स्टार्टर दुरुस्त करणारा माणूस, लोकांनी आपल्याला फरफटत चालताना बघू नये एवढाच हट्ट. मागच्या खेपेला त्यांनी उज्ज्वलाला बघून तोंड फिरवलं होतं.

काकू, म्हणजे तात्यांची बायको, चहाला लागल्या. आम्ही पडवीतल्या मोठ्या प्लगला चार्जर जोडला. लाल दिवा. पुन्हा काढून लावला. लाल दिवा. घरात पंखा फिरत होता, टीव्ही चालू होता, पण गाडी वीज घेईना.

"अर्थिंग नाही," उज्ज्वला म्हणाली. "अर्थिंग नीट नसलं तर ही घेतच नाही."

पंखा आणि टीव्ही चालवून घेतात. ही गाडी मात्र आधी जमिनीशी गाठ पक्की आहे का ते विचारते. काकू म्हणाल्या, "हाय की अर्थिंग! ह्यांनीच केल्यालं. पन पोरानं आंगनात फरशीचं ब्लॉक बसीवलं, आता कुठं हाय त्ये देवाला ठाव." पोरगा गावाला गेलेला, फोन लागेना. अण्णा टिकाव घेऊन भिंतीलगत खणायला लागले. एक ब्लॉक काढला, काही नाही. दुसरा काढला, काही नाही.

खाटेवरून तात्यांचा आवाज आला. ते काहीतरी सांगत होते, डाव्या हातानं दाखवत होते. "तितं... न्हाय... तितं..." पुढचा शब्द जिभेवर येईना. अण्णांनी तिसरा ब्लॉक उचकटला. तात्या लालबुंद झाले. त्यांनी स्वतः केलेलं अर्थिंग, आणि कुणीतरी येऊन त्यांचं अंगण चाळणीसारखं करतंय. त्यांनी खाटेखाली पाय सोडले, वॉकर ओढला आणि उभे राहिले.

काकू चहा टाकून त्यांना धरायला निघाल्या. उज्ज्वला पुढं धावली नाही. तिनं फक्त हाताच्या इशाऱ्यानं आम्हाला गप्प केलं. तात्या निघाले. वॉकर पुढं, डावा पाय, मग उजवा पाय फरफटत. पडवीची पायरी आली तिथं थांबले. उज्ज्वला शांतपणे म्हणाली, "तात्या, आधी लुळा पाय खाली." त्यांनी तो खाली घेतला. अंगण ओलांडून शेवग्याच्या झाडापाशी गेले आणि वॉकरच्या पायानं एका ब्लॉकवर ठोकलं.

"हितं."

ब्लॉक काढला. खाली पाईपचं तोंड, उन्हानं भोवतीची माती भुगा झालेली. पुढचं आपल्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. काकूंनी मिठाचा डबा आणला, अण्णांनी पाण्याची बादली. उन्हाळ्यात अर्थिंगला पाणी पाजायचं, गुरांना पाजतात तसं, नाहीतर ते काम करत नाही. दुसरी बादली मुरली आणि उज्ज्वला पडवीतून ओरडली, "हिरवा! हिरवा लागला!"

तात्या शेवग्याला टेकून उभे होते. पंपाची मोटार सुरू झाल्यावर माणूस बघतो तसे गाडीकडे बघत होते. काकू पदरात तोंड घालून रडत होत्या, त्यांना चार्जरशी काही देणंघेणं नव्हतं. "किती महिन्यांनी आंगनात आलाव वो," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. उज्ज्वलाची सगळी परवड, खाल्लेली सगळी बोलणी त्या क्षणी वसूल झाली. तिनं तात्यांना विचारलं, "आता परत खाटेवर कसं जायचं?" तात्यांनी तिच्याकडे रागानं पाहिलं आणि वॉकर उचलला.

गाडी घरी पोचण्यापुरती भरेपर्यंत आम्ही तिथंच थांबलो, जेवलो. तात्या खाटेवर नाही, पडवीत खुर्चीवर बसून आमच्याबरोबर जेवले. मधून मधून डाव्या हातानं खूण करत, पाणी घाला, अर्थिंगला पाणी घाला. पुढं वायरमन बोलावून ते नीट नवं करून घेतलं, पण तात्या अजूनही रोज सकाळी वॉकर घेऊन शेवग्यापर्यंत जातात आणि तांब्याभर पाणी ओततात. गरज नाही, पण त्यांना कोण सांगणार?

उन्हं कलल्यावर निघालो. भिगवण मागं पडलं. आता उतार आला, की अण्णा म्हणायचे, "पाय काड, दूध काड." पडद्यावरचा आकडा जागचा हलला नाही, की मांडीवर थाप मारायचे. कडेला ऊस, कालव्याचं पाणी, आणि टायरांचा तेवढा आवाज. माझा पाय सवयीनं मागच्या सीटखालची चटई दाबत होता.

मदनवाडीच्या पुढं कुठंतरी अण्णांचं बोलणं थांबलं. उज्ज्वलानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाली, "रागावलेत का हो? एकदम गप्प झाले. जीप विकायची म्हणून वाईट वाटलं असेल."

मी पुढं वाकले. तेवढ्यात आवाज आला. बारीक, लयीत. जीपमध्ये इंजिनाच्या खडखडाटात तो कुणाला ऐकूही आला नसता. या गाडीत स्वच्छ ऐकू येत होता. अण्णा घोरत होते. मान खिडकीकडे, तोंड उघडं, एक हात मांडीवर उताणा पडलेला. सायकलच्या दांडीपासून ज्यांनी लेकीसाठी डोळ्यांत तेल घातलं, ते तिच्या शेजारी बसून गाढ झोपले होते.

"झोपलेत," मी म्हटलं.

"अण्णा?" तिचा विश्वास बसेना. "अण्णा गाडीत झोपत नाहीत बाई. कुणाच्याच नाही."

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं. यजमानांची भिगवणची गोष्ट तिला सांगावी असं फार वाटलं, पण सांगताना अण्णा जागे झाले असते. ती समोर बघून चालवत होती, गालावरून पाणी ओघळत होतं, आणि गाडी मात्र टँकरमधलं दूध हिंदकळणार नाही अशी चालली होती.

कन्हेरीत घरापुढं तिनं गाडी उभी केली. दारात जीप होती, धूळ खात. डिझेल गाडीचं एक बरं असतं, इंजिन बंद केलं की झोपलेला माणूस आपोआप जागा होतो. इथं बंद करण्यासारखं काही नव्हतंच. गाडी थांबली, आणि अण्णा झोपलेलेच राहिले. उज्ज्वलानं दाराच्या मुठीवर ठेवलेला हात काढून घेतला. मीही चपला शोधणं थांबवलं. अंगणात अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, आणि पुष्कळ वेळानं माझ्या लक्षात आलं की माझा पायही चटईवरून उचललेला आहे.